तेरापासून पुढे

हाचिया: ...आणि हे मला कंपनीच्या पत्रातून कळावं? वीस वर्षं दर महिन्याला तुमचं डोकं भादरतोय मी. गेल्या गुरुवारी अर्धा तास खुर्चीत बसला होतात. तोंडातून चकार शब्द नाही.

ओनुकी: वस्तरा मानेवर होता.

(रविवार, सकाळचे सात. घाटमाथ्यावरच्या वाहनतळावर एकाच जातीच्या तीन छोट्या दोन-आसनी गाड्या, नाकं कठड्याकडे करून उभ्या. त्यांच्या नाकांपुढे तिघं: न्हावी हाचिया, सिटी बस चालवणारी रित्सुको आणि याच गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला ओनुकी. ओनुकी नेहमीसारखाच टोकाला, रित्सुकोच्या गाडीकडे पाठ करून.)

हाचिया: थट्टा नकोय. रित्सुकोसान, तुम्हीच ऐका. आपल्या गाडीमालकांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून मला आलंय हे पत्र. "येत्या एप्रिलपासून आपली लाडकी शिगुरे ही गाडी मियाबारा या नावाने न विकता एल्वियो या नव्या नावाने जगापुढे येईल." जगापुढे म्हणे. इतकी वर्षं काय जगाच्या पाठीमागे लपली होती?

रित्सुको: हे तर टीव्हीवर झालं सांगून. नऊ दिवस झाले.

हाचिया: पुढचं ऐका ना. "या निमित्ताने कारखान्यात जतन केलेल्या क्रमांक एकच्या गाडीवरचा मियाबारा हा बिल्ला उतरवून त्या जागी नवा बिल्ला बसवण्याचा समारंभ होईल. हे काम आमचे निवृत्त कर्मचारी श्री. ओनुकी शिगेहारु यांच्या हस्ते होईल." यांच्या हस्ते. या, इथे उभ्या असलेल्या माणसाच्या हस्ते.

रित्सुको: खरं का ओनुकीसान?

ओनुकी: हो.

रित्सुको: सूप घ्या तुम्ही दोघं, गार होतंय. वाहनतळावरच्या यंत्रातली कॉफी संपली. मक्याचंच उरलंय.

हाचिया: सूप काय घ्या? मला सांगा, एल्वियो म्हणजे काय? मी मुलीला विचारलं, तिनं शोधलं. कुठल्याच भाषेत काही अर्थ नाही. आणि म्हणूनच निवडलंय म्हणे, म्हणजे कुठे कुणाला खटकायला नको. मियाबारा कुणाला खटकत होतं? खेड्याचं नाव आहे. कंपनीच्या मालकांचा बाप तिथे नांगर दुरुस्त करायचा.

ओनुकी: खेडंही राहिलं नाही आता. धरणात गेलं.

हाचिया: मग तर नाव ठेवायला हवं होतं. आणि आपल्या मंडळींचं काय सांगू. एकोणीस सभासद. फोनवरच्या गटावर मी लिहिलं, आज सगळ्यांनी या, निषेधाचं पत्र लिहू. सोळा जणांनी ते वाकून माफी मागणारं अस्वल पाठवलं. एकसारखं अस्वल, सोळा वेळा. एकानंही वेगळं चित्र शोधायची तसदी घेतली नाही.

रित्सुको: मीही तेच पाठवणार होते. मग वाटलं, येऊनच जावं.

हाचिया: तुम्हाला राग येत नाही?

रित्सुको: यायला हवा, हे कळतंय. टीव्हीवर बातमी बघितली, भांडी घासली, झोपले. दुसऱ्या दिवशी बस काढली. आपल्या बसचंही नाव तीनदा बदललं, हाचियासान. थांबे तेच आहेत.

हाचिया: बस वेगळी. बस कुणी फडक्यानं पुसत बसत नाही. ओनुकीसान, तुम्ही बोला. कारखान्यात तुमचं काम काय होतं, सांगा यांना.

रित्सुको: माहीत आहे मला.

हाचिया: तरी सांगू देत. त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

ओनुकी: शेवटची जागा. गाडी पूर्ण झाली की माझ्यापुढे यायची. मी बिल्ला लावायचो.

हाचिया: किती वर्षं?

ओनुकी: एकतीस. छत्तीस हजारांच्या वर गाड्या.

हाचिया: आणि कसा लावायचे तेही सांगा. बाकीच्या कंपन्यांत भोकं पाडून खिळ्यावर बसवतात. इथे नाही.

ओनुकी: बॉनेट हातानं ठोकून सारखं केलेलं असायचं. प्रत्येकाचा उतार केसभर वेगळा. त्यामुळे भोकं चालत नव्हती. नजरेनं मध्य काढायचा, पत्रा जरा गरम करायचा, गोंद लावायचा, बिल्ला ठेवायचा. मग हातमोजा काढून अंगठ्यानं दाबायचं. तीस मोजायचे. एकोणतिसावर सोडलं तर तो उतारावर घसरतो.

हाचिया: बघा. त्या अंगठ्यानं छत्तीस हजार वेळा तीस-तीस मोजले, आणि आता तोच अंगठा नाव उपटायला जाणार. का हो म्हणालात?

ओनुकी: नाही म्हणायची सवय नाही. कंपनीला कधी म्हटलं नाही.

हाचिया: हे काही उत्तर झालं नाही.

ओनुकी: दुसरा कुणी काढेल तर पान्यानं उचकटेल. बॉनेट ओरखडेल. मासेमारीची तंगूस घ्यायची, पत्रा कोमट करायचा, मागून करवतीसारखी हळूहळू ओढायची. चाळीस मिनिटं लागतात. आताच्या पोरांना तेवढा दम नाही. काढायचंच आहे तर नीट निघू दे.

रित्सुको: हे पटलं मला.

हाचिया: मला नाही पटलं. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी ओरडाल. पत्र आलं तेव्हा काय वाटलं तुम्हाला? खरं सांगा.

ओनुकी: काही नाही वाटलं.

हाचिया: काहीच नाही?

ओनुकी: लिफाफा उघडला. पत्र वाचलं. चहा केला होता, तो प्यायचा राहिला. खूप वेळानं बघितलं तर अंधार पडला होता आणि मी दिवा लावला नव्हता. एवढंच. वाईट वाटायला हवं होतं, ते कुठे गेलं कळत नाही. त्याचंच जरा वाईट वाटतं.

रित्सुको: सूप प्या, ओनुकीसान.

ओनुकी: पितो.

हाचिया: बरं, पत्राचा शेवट राहिला. "सध्याच्या मालकांना आपल्या गाडीवरचा बिल्ला विनामूल्य बदलून मिळेल. सर्व्हिस केंद्रात वीस मिनिटांत काम होईल." यावर मात्र माझा ठराव तयार आहे. मंडळातला एकही जण बदलणार नाही. मी सही केलीय. रित्सुकोसान, तुम्ही करा. आज दोन तर दोन.

ओनुकी: रित्सुकोसान.

रित्सुको: काय?

ओनुकी: तुम्ही नवा लावून घ्या.

हाचिया: काय म्हणालात?

ओनुकी: हाचियानं करू नये. बाकीच्यांनी करू नये. तुम्ही तेवढा बदलून घ्या.

हाचिया: आता मात्र हद्द झाली. स्वतः जाऊन बिल्ला उतरवणार ते उतरवणारच, वर माझं माणूस फोडताय? कंपनीनं दलाली लावून दिलीय का तुम्हाला?

ओनुकी: तसं नाही.

हाचिया: मग कसं? एल्वियोच्या दारात उभं राहून बोलवा ना सगळ्यांना, या, या, वीस मिनिटांत काम. मी तुम्हाला मोठ्या भावासारखं मानलं हो.

रित्सुको: हाचियासान, जरा थांबा. त्यांना बोलू द्या. ओनुकीसान, मीच का?

ओनुकी: सोडा. सही करा तुम्ही.

रित्सुको: नऊ वर्षं झाली मला मंडळात येऊन. या नऊ वर्षांत तुम्ही एकदाही माझ्या गाडीसमोर उभे राहिलेले नाही. सगळ्यांच्या गाड्यांचे बिल्ले पुसून देता, माझी आली की तुम्हाला लघवीला जायचं असतं. आत्ताही पाठ केलीय. मी बस चालवते, मागचं बघायची सवय आहे मला. मीच का?

ओनुकी: तो वाकडा आहे.

हाचिया: काय वाकडा?

ओनुकी: त्यांच्या गाडीवरचा बिल्ला. डावीकडे दोन मिलिमीटर खाली आहे. छत्तीस हजारांत तेवढा एकच. मी लावलाय.

हाचिया: छे. तुमच्या हातून? मी शेकडो वेळा बघितलीय ही गाडी.

ओनुकी: तू केस बघतोस. मी हे बघतो. हेइसेई एकोणीस, म्हणजे दोन हजार सात साल, नोव्हेंबरची चौदा तारीख. या गाडीवर बिल्ला ठेवला, अंगठा टेकवला आणि भोंग्यावर माझं नाव पुकारलं. इस्पितळातून फोन होता. बायको सकाळपासून तिथे होती. साधी तपासणी आहे, तुम्ही कामावर जा, म्हणाली होती.

रित्सुको: बरं.

ओनुकी: मी एकवर होतो. लगेच सोडायला हवं होतं. पण हात उचलेना. दोन, तीन करत मोजत राहिलो. बारापर्यंत मोजलं. मग दुसऱ्यांदा पुकारलं आणि मी पळालो.

हाचिया: हे तुम्ही कधी...

ओनुकी: पोहोचलो तेव्हा सगळं झालं होतं. चार दिवसांनी कामावर आलो तर गाडी निघून गेलेली. तपासणीवाल्यानं बिल्ल्याकडे बघितलंच नव्हतं. माझं काम तो कधीच बघायचा नाही. ओनुकीनं लावलाय म्हणजे बरोबर असणार, म्हणायचा. ना तिकडे वेळेवर गेलो, ना इकडे पुरा मोजला. मग नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी ती गाडी इथे वर चढून आली.

हाचिया: वीस वर्षं खुर्चीत बसताय माझ्या. वहिनींचं एवढंच माहीत होतं, आजारानं गेल्या.

ओनुकी: तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. बरं चाललं होतं. म्हणून म्हणतो, रित्सुकोसान. नाव बदललं याचं मला काही वाटत नाही, पण फुकट बदलून मिळतंय हे वाचलं तेव्हा वाटलं, तेवढा एक तरी निघेल. आता कुणाला बोल लागणार नाही. नवा साचा लावून बसवतात, वाकडा होऊच शकत नाही.

रित्सुको: मला माहीत होतं.

ओनुकी: काय?

रित्सुको: वाकडा आहे ते. गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी दिसलं. शोरूमचा माणूस कमरेत वाकून वाकून माफी मागत होता, आत्ता बदलून देतो म्हणाला. मी राहू दे म्हटलं.

ओनुकी: का?

रित्सुको: नवऱ्यापासून वेगळी झाले होते त्या महिन्यात. साठवलेलं सगळं घालून गाडी घेतली. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय. सगळं चकचकीत, सगळं सरळ, आणि मधोमध ते जरा कललेलं. म्हटलं, ज्यानं लावलं त्याचाही दिवस वाईट गेला असणार. बरं वाटलं मला. एकटीच नाही, असं वाटलं.

हाचिया: तुम्ही दोघं मला आज दुकान उघडू देणार नाही.

रित्सुको: तुमचाच हात आहे, हे मात्र नंतर कळलं. तुम्ही पाठ करायला लागलात तेव्हा. मी दर वेळी वाट बघत होते, कधीतरी बोलाल म्हणून. इकडे या, ओनुकीसान.

ओनुकी: नको.

रित्सुको: या हो. चार पावलं आहेत. डाव्या कडेखाली बघा, दव पुसते. गोंद बाहेर आलाय ना थोडा? त्यावर रेघा आहेत बघा.

हाचिया: बघू. अरे, हा तर अंगठा आहे. अंगठ्याचा ठसा.

रित्सुको: पळताना ओढला गेला असणार. दर रविवारी कानातल्या कापसाच्या काडीनं भोवतीनं पुसते. ठशाला कधी हात लावला नाही.

ओनुकी: एवढा लहान होता अंगठा माझा?

हाचिया: तेव्हा तुमचे केसही काळे होते.

रित्सुको: हाचियासान, कागद द्या, सही करते. हा निघणार नाही. एप्रिलमध्ये तुम्ही खुशाल जा, तिथला नीट काढा, वाकून नमस्कार करा. तो त्यांचा आहे. हा माझा आहे.

हाचिया: जाणारच असाल तर शनिवारी या दुकानात. जगापुढे जायचंय, डोकं तरी नीट करून जा. पैसे घेणार नाही.

ओनुकी: गुरुवारीच कापलेत.

हाचिया: एप्रिलच्या आधीच्या शनिवारी, म्हातारबुवा.

रित्सुको: ओनुकीसान, हातमोजा काढा.

ओनुकी: कशाला?

रित्सुको: अठरा राहिलेत ना. अंगठा ठेवा आणि तेरापासून मोजा.

ओनुकी: आता त्याचा काही उपयोग नाही. गोंद केव्हाच वाळलाय.

रित्सुको: वाळू दे.

ओनुकी: पत्रा फार गार आहे.

हाचिया: मोजा सावकाश. नऊचं गिऱ्हाईक थांबेल.

ओनुकी: तेरा.