कृष्णविवर कुणी पाहिलं?

राहुरीच्या एसटीत पुढच्या सीटवर मामा-भाची बसले होते. भाची मोबाईलमधलं वाचून दाखवत होती.

"मामा, हे कृष्णविवर सूर्याच्या चाळीस लाख पट जड हाय."

"कुनी काट्यावर घातलं हुतं?"

"ते दिसत न्हाई. भवतीचे तारे कसे फिरतात, त्यावरून कळतं."

"म्हंजी दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, तरी हाय! लोकास्नी येडं समजतात का? मी न्हाई बाबा असल्या थापांवर इस्वास ठेवायचा."

"बरं, पिशवीत नारळ कशाला घेतलाय?"

"शेजारच्या हनुमंताला त्याच्या रानात बोअर मारायचाय. तळहातावर नारळ आडवा धरून रानात चालायचं. जिथं उभा राहिला, तिथं खाली पानी."

"पानी दिसतं का पन?"

"दिसायला कशाला पायजे? नारळ उभा राहतो ना! त्यावरून किती फुटांवर हाय, ते बी सांगतो मी."