सोमवारी कोरडे केस

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या पोहण्याच्या तलावावरच्या बाई आणि दुपारच्या बॅचमधल्या सगळ्या काकू-मावश्यांनो,

मला पोहता येत नाही. तरी बाईंच्या निरोपाला मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह तुम्ही धरलात, तो माझ्या आजीमुळे. पण खरं सांगू? तुमच्या त्या आजीची मला फारशी माहिती नाही.

आमची आजी वेगळी होती. संध्याकाळी आम्ही कामावरून यायचो, तर हिचे केस ओले. विचारलं की म्हणायची, आत्ताच अंघोळ केली. सकाळी अंघोळ झालेली ही विसरते, असं आम्ही ठरवून टाकलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गॅसला हात लावायची बंदी झाली. जेवताना मी मुद्दाम विचारायचे, आजी, आज वार कोणता? ती चुकीचा सांगायची आणि खाली मान घालून जेवायची. मला हसू यायचं. आज ते सांगताना मान वर करवत नाही.

ती गेल्यावर बाई आमच्या घरी आल्या. हातातल्या पिशवीत पोहण्याचा पोशाख आणि निळी टोपी. तुमचं घर चुकलंय, असं आईने त्यांना अगदी आदराने सांगितलं. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. साठी उलटल्यावर पोहायला शिकलेली, खोल पाण्याला बिचकणाऱ्या नव्या बायकांचा हात धरणारी आजी आम्हाला त्या दिवशी कळली, तीही परक्या बाईंकडून. परक्या म्हटलं, रागावू नका हं बाई.

तिने घरी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मीही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घरी कळलं तर या वयात कशाला म्हणून बंद करतील. त्यापेक्षा विसरभोळी समजतात तेच बरंय. पोहायला तरी मिळतं."

आजीचं बरोबर होतं. आम्ही बंदच केलं असतं, तेही काळजीच्या नावाखाली. तलावाला सुट्टी सोमवारची. सोमवारी तिचे केस कोरडे असायचे, हे आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही.

बाई, तुम्ही तिचे ओले कपडे वाळवलेत, तिचं गुपित राखलंत. आमच्या घरातर्फे मी तुमचे आभार मानते. तेवढा हक्क आम्हाला उरलाय का, कोण जाणे.

संयोजकांचेही आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल तर सांभाळून घ्या. एरवी आमच्या घरात काही विसरलं की आम्ही ते आजीवर ढकलून मोकळे व्हायचो. आजचं माझ्यावरच धरा.