बाईंच्या कमरेतली टाचणी

अकरा वाजून दहा मिनिटांनी, बाई — मधल्या सुट्टीच्या आधीचा तास — तिथून सगळं सुरू झालं. हलू नका, कमरेला टाचण्या आहेत. आरशात बघत उभ्या राहा नुसत्या, मी बोलते ते ऐकू येईलच. आठवीच्या वर्गात तुम्ही ती पुठ्ठ्याची पेटी उघडलीत — एड्सबद्दल ज्याला जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, कुणाला कळणार नाही — तुम्हीच सांगितलं होतंत ना? पोरांनी विश्वास ठेवला. माझ्या लेकीनं तर जरा जास्तच. एकाला टोचलेली टाचणी लगेच दुसऱ्याला टोचली तर हा आजार होतो का, मला झाला असेल का — दोनच ओळी. तुम्ही त्या मोठ्यानं वाचल्यात, चिठ्ठी उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "हे अक्षर मी ओळखते." आणि बघितलंत कुठे? तिसऱ्या बाकाकडे. उत्तर? उत्तर दिलंच नाहीत. घंटा झाली म्हणे.

हात जरा वर. तर त्याच सुट्टीत तिच्या शेजारची, पहिलीपासूनची मैत्रीण, डबा उचलून मागच्या बाकावर गेली. दुसऱ्या दिवशी बाकावर मधोमध खडूची रेघ. तिसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत गेलेली नाही. घरी हात धुते — धुते, परत धुते, कातडं सोलवटलंय. धाकट्या भावाला जवळ येऊ देत नाही, तीन वर्षांचं पोर, दाराबाहेर बसून ताई ताई करतं. आणि मी आई, मी काय केलं? तिला पोटाशी धरलं, असं सांगणार होते तुम्हाला. नाही धरलं. चार दिवस तिचा पेला वेगळा ठेवला, खिडकीत. शेजारणीला कळू नये म्हणून वर वाटी उपडी घातली. तिला कळलं. पाणीच कमी प्यायला लागली. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, मला कोण सांगणार होतं? तुम्ही तर शिकवणाऱ्या.

पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचे दोन्ही हात हातात घेतले, मग म्हणाल्या, शिवणाच्या टाचणीला घाबरण्यासारखं काही नाही — आणि ज्याला खरंच आजार असतो ना, त्याच्याबरोबर एका ताटात जेवलं, एका पेल्यानं प्यायलं, तरी तो लागत नाही. एवढंच. घंटा व्हायच्या आत सांगून झालं असतं, बाई.

घरी आल्यावर विचारलं, कुणाची गं टाचणी? हां, आता बघताय माझ्याकडे. पंधरा दिवसांपूर्वी, हाच ड्रेस, पहिल्यांदा अंगावर घालून बघितलात तेव्हा कमरेला टोचली तुम्हाला, अस्तरावर रक्ताचा ठिपका पडला, मी थंड पाण्यानं काढला. ती टाचणी माझ्या लेकीनं उपसली, ती तिच्याच बोटात गेली. तुमच्या रक्ताची भीती पोटात घेऊन वर्गात बसली होती ती — आणि चिठ्ठीत तुमचं नाव लिहिलं नाही. तेरा वर्षांची पोर, पण कुणाचं नाव घेऊ नये एवढं तिला कळलं.

मला नाही कळलं. मी सांगितलं. कुणाला म्हणजे — दोघी-तिघींना. टाचणीला बाईंचं रक्त होतं, एवढंच म्हटलं. खोटं काय त्यात? तुमच्या शाळेतल्या कारकुनाची बायको माझ्याकडेच कपडे शिवायला टाकते, त्याला मी काय करू? परवापासून शिक्षकखोलीत तुमचा कप वेगळा ठेवतात ना — वर बशी उपडी — तेही आलं माझ्या कानावर. बरं वाटलं ऐकून. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. हौसेनं पोरीलाही सांगितलं, तर हातातला घास खाली ठेवून म्हणते, "म्हणजे बाईंनाही कुणी उत्तर सांगितलं नाही, आई?"

रडू नका, कापडावर डाग पडतात. माझा राग गेलेला नाही, तसं समजू नका. उद्या अकरा दहाला ती तिसऱ्या बाकावर असेल, मी स्वतः आणून सोडते. तीच चिठ्ठी परत वाचा. मी चुकले, असं म्हणा — सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग उत्तर सांगा, आणि तिच्या डब्यातला एक घास खा. मग मीही माझ्या तोंडानं पसरवलेलं माझ्या तोंडानं निस्तरीन, एकेकीला गाठून. पण आधी तुम्ही. तोवर कपावर बशी राहू दे.

झालं, ही शेवटची टाचणी. काढली बघा, टोचली नाही. ड्रेस गुरुवारी न्या. आणि बाहेर कपडे टाकायला आलेल्या दोघी बसल्यात, पोरी त्यांच्या आठवीतच आहेत. उद्याची वाट कशाला बघता — एका पेल्यानं होत नाही, एवढं त्यांना सांगून जा. पुढे सांगा म्हणावं.