अकरा किलोमीटर वाळत घातलेले कपडे

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्क जोडपं बसलं होतं. समोर त्यांची कॅराव्हॅन जॅकवर उचललेली होती आणि मेकॅनिक मागच्या चाकात गुंतलेली कपड्यांची दोरी कापून काढत होता.

"अहो, ते बघा, तुमचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा निघाला."

"हळू बोल जरा. गाडीला दोरी बांधतं का कुणी?"

"एक टोक गाडीला, एक झाडाला. निघताना सोडायचं काम तुमचं होतं. शेवटी झाडानंच सोडली."

"अकरा किलोमीटर, अगं! अख्ख्या गावातून माझे पायजमे फरफटत आणले मी."

"फरफटत कसले? चांगले फडकत होते."

"लोक हात करत होते. मला वाटलं, गाडीचं कौतुक करताहेत."

"म्हणून तर तुम्हीही हात करत होतात. शाळेच्या बसला तर दोनदा केलात."

"जन्माची शोभा झाली. घरी गेलो की ही गाडी विकून टाकतो."

"बरं, विका."

"थांब. फडकत होते हे तुला कसं कळलं?"

"माझ्या बाजूला आरसा आहे ना."

"म्हणजे तुला दिसत होतं?"

"पहिल्या वळणापासून."

"आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस?"

"कसा काढणार? तुम्ही गाणं म्हणत होतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. पायजमे काय हो, नवे शिवू."