बिरजूने न दाबलेले थिंबल

जबाब

नाव: सौ. रुखमाबाई गुणवंतराव बोरकुटे, वय ५७ वर्षे, धंदा घरकाम, रा. सावली, जि. चंद्रपूर.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात दोन पलंग, गॅस, पंखा व दिवे बसवून घेतले. वर्षभर गाडीतच राहून देश पाहायचा, असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी अख्ख्या गावाला सांगितला. मला विचारले नाही. गाडीत टीव्हीसुद्धा होता, पण संडासाची सोय नव्हती. या वयात रस्त्याच्या कडेला आडोसा शोधत फिरायचे माझ्या जिवावर आले होते. पण ही गोष्ट नवऱ्याजवळ काढायचीही मला लाज वाटली.

गाडीची वायरिंग बिरजू निकुरे यांनी आमच्या अंगणात केली. त्यांचे बसस्टँडजवळ दुकान आहे. बॅटरीच्या जाड वायरीच्या टोकाला तांब्याची कडीवाली नळी चढवून दाबतात, तिला थिंबल म्हणतात. बिरजू ते लांब दांड्याच्या टूलने दाबत आणि मग पाय टेकून ओढून पाहत. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "बाई, हे आता तुटन, पन सुटनार नाई."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पती झोपले असता मी गाडीत गेले. वायर नुसती सोडून ठेवली असती तर त्यांनी ती लगेच लावली असती. म्हणून मी नट खोलून थिंबलच ओढून पाहिले. ते हलले नाही. मग पकडीने मागची वायर कापली. बिरजूंनी उरलेली थिंबले डब्यात ठेवली होती, त्यातले एक चढवले, सुपारीच्या सरोत्याने दाबले आणि काळी टेप गुंडाळून नट परत लावला. दिवे लागणार नाहीत व जाणे चार दिवस टळेल, एवढेच माझ्या डोक्यात होते.

दिवे लागले. आम्ही निघालो. मूल गावाच्या अलीकडे, पलंगाखाली बॅटरीजवळचा तो सैल जोड तापून धूर आला. पतींनी हातानेच वायर उपटली, त्यात त्यांचा तळहात भाजला. गादी जळाली.

तेथून गाडी वळवून पती सरळ बिरजूंच्या दुकानात गेले. मी मागे होते. दुकानात गिऱ्हाईक होते, बिरजूंची बायको वच्छला होती. पतींनी बिरजूंची कॉलर धरून विचारले, "काऊन बे, आमाले जिता जाळतं का?" आणि थापड मारली. बिरजूंनी जळालेले थिंबल हातात घेऊन पाहिले व म्हणाले, "भाऊ, हे माह्या हातचं नाई."

"मंग कोनाच्या हातचं हाये? माह्या बायकोच्या?"

लोक हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. वच्छला माझ्याकडे पाहत होती. त्या हसण्याची मला फार लाज वाटते. त्या दिवसापासून एकेक गिऱ्हाईक आपला पंप, आपला स्टार्टर त्यांच्या दुकानातून परत नेत आहे, हे मी येता-जाता पाहते.

आज येताना पतींनी मला, नुसती बोलाचाली झाली असे सांग, असे बजावले होते. नुसती बोलाचाली झाली नाही. त्यांनी थापड मारली, ती मी पाहिली. बिरजूंचे काम चोख होते. ते मी बिघडवले. बिरजूंची तक्रार मारहाणीपुरती आहे, वायरीचे लिहायची गरज नाही, असे हवालदार साहेब म्हणाले. मी त्यांना लिहायला लावले.

जबाब वाचून दाखवायच्या वेळी हवालदार साहेब म्हणाले, तुमचे यजमान बाहेर बाकावर बसले आहेत, हळू वाचतो. मी मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी तसा वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
रुखमाबाई बोरकुटे