गंधक विभागातील अकरा नाकांबाबत

मी, वसाहतीत अंडीवाली या नावाने सगळ्यांच्या ओळखीची, वय ४६ वर्षे (हवालदारांनी अंदाजाने ५० लिहिले होते, ते खोडून घेतले), धंदा अंडी विकणे, राहणार रिफायनरीच्या मागच्या भिंतीलगत तिसरी रांग, खोली नऊ, आज शनिवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकोणीस वर्षे राहते, सोबत पती व मुलगी. पती रिफायनरीच्या गंधक विभागात बावीस वर्षे कामाला आहेत. मुलगी दहावीत आहे. खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात माझे दुकान आहे. रिफायनरीच्या कँटीनला रोज सकाळी अकरा वाजता बारा ट्रे अंडी मीच पोचवते, त्यामुळे फाटकाचा पास माझ्याकडे आहे. गुरुवारी मी "बेकायदेशीरपणे आत शिरले" असे तक्रारीत म्हटले आहे. मी पास दाखवून शिरले. पहारेकऱ्याने माझ्याकडून दोन अंडी नेहमीप्रमाणे ठेवूनही घेतली.

सदर तक्रार रिफायनरीच्या सेफ्टी ऑफिसरांनी दिलेली असून ती मला वाचून दाखवली. तीत असे आहे की, गुरुवारी साडेअकराच्या सुमारास मी सभागृहात सडकी अंडी फोडून "मानवी आरोग्यास अपायकारक व असह्य दुर्गंधी" पसरवली. हे वाक्य मी हवालदारांना पुन्हा वाचायला लावले. ऐकायला फार बरे वाटले. अंडी मी फोडली, सात फोडली व मुद्दाम फोडली. का फोडली ते तक्रारीत नाही, म्हणून सांगते.

तेलातून गंधक काढताना एक वायू निघतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. टाकी साफ करण्यासाठी उघडायची असेल तर आधी वायू मोजायचे यंत्र आत सोडून बघावे, असा नियम आहे. विभागात असे यंत्र एकच आहे व ते चार महिन्यांपासून दुरुस्तीला गेले आहे. म्हणून झाकण चार बोटे उचलतात, एक जाणता माणूस वाकून वास घेतो, आणि तो "नाही" म्हणाला की बाकीचे आत उतरतात. याला तिथे 'नाक लावणे' म्हणतात. नाक लावणाऱ्याची कागदावर सही असते. यंत्र होते तेव्हाही ते बंद पडले की नाकच लावत. हे काम माझे पती करतात. विभागात त्यांना नाकसाहेब म्हणतात, आणि हे थट्टेने नाही, मानाने म्हणतात.

हा मान त्यांनी कमावलेला होता. आमचे लग्न झाले तेव्हा हे तीस अंड्यांच्या ट्रेवरून नुसते वाकून जायचे आणि "हे बघ, डावीकडचं तिसरं" असे म्हणून खराब अंडे बाजूला काढायचे. कवचाला चीर नसायची. मी ते दिव्यासमोर धरून पाहायचे, तर आत काळे. मी अशा नाकाशी लग्न केले. बाकी चेहऱ्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

साधारण वर्षापूर्वी माझे दूध करपले. मी दुकानात गिऱ्हाईक करत होते आणि हे शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. मी धावत आले तर खोलीभर धूर. हे वर न बघता म्हणाले, "वा, काहीतरी गोड करतेयस वाटतं." मी म्हटले चेष्टा करतायत. तेव्हा चेष्टेवारी नेले, ही माझी चूक.

पुढे एका रविवारी सकाळी सात वाजता मी नळावरून भरलेली बादली घेऊन दारात आले. शेगडीचे बटण रात्रभर किंचित उघडे राहिले होते. गॅसचा वास माझ्या डोक्यात गेला. हे चहा ठेवायला उभे होते व काडी पेटीला टेकवलेली होती. मुलगी आतल्या खाटेवर झोपली होती. मी बादली यांच्या अंगावर रिकामी केली. "अगं, वेड लागलं का तुला!" असे ते ओरडले. मी खिडक्या उघडल्या, बटण बंद केले आणि विचारले, "अहो, एवढा वास येतोय तो कळत नाही?" ते म्हणाले, "सर्दी झालीये." ती सर्दी तीन वर्षांची आहे, हे मला नंतर कळले.

मुलीने तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातून मला वाचून दाखवले. हा वायू थोडा असला तर वास येतो. जास्त असला तर नाक बधिर होते आणि माणसाला वाटते, गेला.

मी विचारले, "कोण गेला?"

ती म्हणाली, "वायू गं."

"आणि माणूस?"

तिने पुस्तक मिटले.

मी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पतींना बोलावून कापसावर स्पिरिट घेऊन नाकाखाली धरले. यांच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांनी "नाक उत्तम" असे लिहिले. स्पिरिट डोळ्यांना झोंबते, त्यासाठी नाक कशाला लागते? तसे मी बोलले. त्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही अंडी विका." वसाहतीतल्या आम्ही चौदा बायकांनी मग अर्ज केला, की मागच्या धुराड्यातून दुपारी चारनंतर जे काय सोडतात त्याने डोकी दुखतात, मुले ओकतात, आणि कानातली चांदी आठवड्यात काळी पडते. त्याला डॉक्टरांचे लेखी उत्तर आले. ते सोबत जोडले आहे. त्यात लिहिले आहे की, "सदर वास हा सवयीचा भाग असून आरोग्यास कोणत्याही प्रकारे अपायकारक नाही." हे पत्र आणि सेफ्टी ऑफिसरांची तक्रार एकाच टाचणीने टाचावी, अशी मी हवालदारांना विनंती केली. त्यांनी टाचली.

या महिन्याच्या तीन तारखेला विभागात कागद लागला, की येत्या सोमवारी टाकी क्रमांक सहा उघडणार आणि नाक माझे पती लावणार. मी यांना घरी बसवून सांगितले, "अहो, जाऊन सांगून टाका."

"काय सांगू? नाकसाहेबाला नाक नाही म्हणून?"

"हो, तेच."

"आणि तीन वर्षं 'नाही, नाही' म्हणून सह्या केल्या त्या? माणसं उतरवली टाकीत, त्याचं काय सांगू?"

"उतरलेली परत वर आली, हे नशीब त्यांचं. सोमवारी नाही आली म्हणजे?"

यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. इथे दाबायला नाकच शिल्लक नव्हते. मी रात्री दोनदा उठून ते श्वास घेतायत ना ते पाहिले.

मला असाही संशय होता, की विभागातल्या बाकीच्या दहा जणांची गत हीच असणार. कारण मागे त्यांच्यातल्या एकाला माझ्याकडून चुकून खराब अंडे गेले. त्याने ते तळून खाल्ले. दोन दिवस पोट धरून पडला, दोष पाण्याला दिला आणि तिसऱ्या दिवशी येऊन आणखी सहा घेऊन गेला. म्हणाला, "वहिनी, तुमच्या अंड्यांसारखी अंडी नाहीत." माझ्या धंद्याचे मला वाईट वाटले. गंधक विभागात गंध कुणालाच राहिला नसावा, असे माझ्या मनाने घेतले.

गुरुवारी सरकारकडून तपासणीला दोन जण यायचे होते, एक बाई व एक साहेब. त्यांना दाखवायला गंधक विभागाच्या अकराही जणांना धुतलेले कपडे घालून सभागृहात बसवणार, हे मला कँटीनमध्ये कळले. मी पाच आठवड्यांपूर्वीपासून एका डब्यात बारा अंडी पत्र्यावर उन्हात ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा मलाही पक्के ठाऊक नव्हते. मी ती पाण्यात सोडून पाहिली. सात तरंगली. ती फडक्यात बांधून रिकाम्या ट्रेखाली ठेवली व नेहमीच्या वेळी गेले.

सभागृह कँटीनला लागून आहे. एसीमुळे खिडक्या बंद होत्या. भिंतींना दोन दिवसांपूर्वी नवा रंग दिलेला होता. सेफ्टी ऑफिसर पडद्यावर चित्रे दाखवत होते. पडद्यावर "आमच्या परिसरातील हवा" असे लिहून खाली एक हिरवे झाड काढले होते. दिवे बंद असल्याने मी मागच्या दाराने आत गेले, फडके त्यांच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवले आणि त्यावर उभी राहिले. आधी सांगितल्याप्रमाणे सात.

पहिल्यांदा सेफ्टी ऑफिसर बोलता बोलता थांबले. त्यांनी स्वतःच्या बुटांचे तळवे पाहिले. मग डॉक्टर उठले. मग मॅनेजर साहेब "गळती! गळती!" असे ओरडत सगळ्यांच्या आधी दाराबाहेर गेले. त्यांच्यामागे तपासणीचे साहेब, टायपिस्ट, चहा देणारा, सगळे एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडले. डॉक्टरांचा चष्मा आत राहिला. गळती समजून कोणी बाहेर भोंगा वाजवला. एवढी धावपळ झाली, पण मागच्या रांगेतला एकही माणूस जागचा हलला नाही. अकरा जण मांडीवर हात ठेवून बसलेले होते. त्यांना वाटले, चहाची सुट्टी झाली. एकाने पुढे येऊन साहेबांच्या ताटलीतले बिस्कीट घेतले.

तपासणीच्या बाई तेवढ्या दारात थांबल्या. त्यांनी रुमाल नाकावर दाबला होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या मोजत होत्या. अकरापर्यंत मोजून त्यांनी बिस्कीटवाल्याला विचारले, "तुम्हाला काही होत नाही?"

तो म्हणाला, "काय व्हायला हवंय, मॅडम?"

मग त्यांनी कागदावर बघून नाक लावणारा कोण, असे विचारले. पती उभे राहिले. "कसला वास येतोय?" असे बाईंनी विचारल्यावर यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, छाती भरून श्वास घेतला आणि सांगितले, "रंगाचा. भिंतींना नवा रंग दिलाय, त्याचा."

मी तेव्हा टेबलापाशी उभी होते, माझ्या चपलांना पिवळे लागलेले होते, आणि मला हसू व रडू एकदमच आले. मी खिडक्या उघडल्या. कँटीनमधून पाणी आणून फरशीही मीच पुसून दिली. साक्षीदार म्हणून बिस्कीटवाल्याला विचारावे. तपासणीच्या बाई कागदावर लिहून गेल्या. त्यांनी काय लिहिले, मला माहीत नाही. सोमवारचा कागद काल संध्याकाळपर्यंत भिंतीवरून निघालेला नव्हता.

तक्रारीत साक्षीदार म्हणून गंधक विभागाचे अकरा जणच दिले आहेत, कारण शेवटपर्यंत जागेवर होते ते तेवढेच. हवालदारांनी काल दहा जणांना विचारले. दहाही जणांनी "वास? कसला वास?" असे उत्तर दिल्याचे हवालदार सांगतात. अकरावे माझे पती. त्यांना आज माझा जबाब चालू असतानाच बोलावले. मी त्यांना काहीही शिकवलेले नाही. काल रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हवालदारांनी त्यांना माझ्यासमोर विचारले, "गुरुवारी सभागृहात सडक्या अंड्यांचा वास आला का? आला म्हणालात तर या तुमच्या बाईंवर गुन्हा पक्का होतो. विचार करून सांगा."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. यांना सुटायला दोन अक्षरे पुरेशी होती. "आला" म्हणाले असते तर नाव राहिले असते, बायको अडकली असती आणि सोमवारी टाकीही उघडली असती. हे बाकावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "रंगाचा वास म्हणालो ते खोटं होतं, साहेब. मला वास येतच नाही. तीन वर्षं झाली. ही घरी काय शिजवते ते मी भांड्यात डोकावून बघतो आणि मग छान वास सुटलाय म्हणतो."

हवालदारांचे पेन थांबले. त्यांनी विचारले, "हे लिहू?"

"लिहा. आणि पुढे असंही लिहा, की सोमवारी सहा नंबरला मी नाक लावणार नाही. दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही. यंत्र आणा, मग उघडा."

त्यानंतर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या डोक्याचा वास कसा होता, ते पण आठवत नाही गं आता."

मी त्या वेळी रडले नाही, असे नोंदवावे. हवालदारांनी काय पाहिले तो त्यांचा प्रश्न.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी आणि बाकावर बसलेल्या पतींनी तो शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितले तसाच उतरला आहे, त्यात माझ्या पदरचे काही नाही आणि कुणी काही वगळलेलेही नाही. माझ्यावर गुन्हा लावायचा की नाही ते सावकाश ठरवावे, मी कुठे पळून जात नाही. पण याची एक प्रत पतींच्या सहीसह उद्याच्या आत टाकी क्रमांक सहाच्या झाकणावर चिकटवावी. सोमवारी सकाळी आठ वाजता ती आहे का, हे पाहायला आम्ही दोघे जाणार आहोत.