म्हसोबाला रंग दिला त्याची गोष्ट

शहाण्यांनी काम बिघडवलं अन् मला तोंड उघडावं लागलं, ते ऐका. आमी जिंतूरकडचे आंध आदिवासी. डोंगरावरच्या जंगलावर वाडीनं हक्काचा दावा टाकलेला. पुरावा म्हणून दाखवायला त्याच जंगलातला, आज्या-पणज्यानं पुजलेला म्हसोबा. साहेब पाहणीला येणार, म्हणून पोरांनी आदल्या दिवशी देवाला घासून चकचकीत शेंदूर फासला, खाली नवा चौथरा बांधला.

साहेब म्हणाले, "बाबा, हा देव कालच बसवलेला दिसतो. दावा कसा धरायचा?"

सगळ्यांची तोंडं उतरली. मी म्हणलो, "साहेब, तुमच्या मिशीला बी कालच कलप लावलेला दिसायलाय. मग तुमी काय काल जन्मले का?"

सरपंचानं कपाळाला हात लावला. साहेबांनी मिशी चाचपली अन् कारकुनाला म्हणाले, "लिही, देव जुना आहे."